कोतवालीच्या वळणावरची छत्री

३ जानेवारी १९३८, सोमवार

कचेरीतल्या बड्या बाबूंना यंदा दोन डायऱ्या मिळाल्या. एक त्यांनी मला दिली. पहिल्या पानावर नाव लिहिलं, शरच्चंद्र. त्याखाली 'व्यवसाय' अशी ओळ छापलेली आहे. तिथे 'कारकून' लिहिलं, थोडा विचार केला, स्वल्पविराम दिला आणि 'सायकलपटू' लिहिलं. शाई वाळावी म्हणून पान उघडं ठेवलं तर देवकीने वाचलं. ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. बायकोला असं हसू आणणारी वस्तू बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. डायरी आजपासून ट्रंकेत.

डायरी लिहावी असं आज घडलंही आहे. सीताबर्डीवरचे सायकलदुकानदार भैयाजी यांनी महाल भागात हौशी सायकलवाल्यांची शर्यत जाहीर केली. जुम्मा दरवाज्यातून आत शिरायचं, महालातल्या रस्त्याने कोतवालीपर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि तलावाच्या काठाने परत दरवाज्याशी यायचं. अशा दहा फेऱ्या. २३ तारखेला पहिली शर्यत, त्यातले सहा जण १३ फेब्रुवारीच्या अंतिम शर्यतीला. पहिल्या तिघांना कप. मी तिथेच नाव दिलं. बत्तिसाव्या वर्षी माणसाने विचार करत बसलं तर तेहेतीस होतात.

५ जानेवारी

घरची परिस्थिती एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको.

माझे वडील नत्थूजी मास्तर. तीस वर्षं शाळेत शिकवून आता घरी बसले आहेत. ते आणि मी गेली तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाही. भांडण वगैरे नाही. मी वकिलीचा अभ्यास सोडला आणि वकिलीची पुस्तकं विकून ही सायकल घेतली, एवढंच झालं. पुस्तकांना बाबांनी स्वतः खाकी कागदाची कव्हरं घातली होती आणि प्रत्येकावर माझ्या नावापुढे 'वकील' असं वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं. परीक्षेच्या आधीच. विकत घेणाऱ्याने कव्हरं फाडून माझ्या हातात दिली, ती मी घरी आणली. आणायला नको होती.

तेव्हापासून घरात जे काही बोलायचं ते देवकीमार्फत. तिघंही एकाच खोलीत असलो तरी तसंच. "देवकी, त्याले सांग, दिव्यात तेल नाही." "देवकी, बाबांले सांग, आणतो." देवकीला आता सवय झाली आहे. ती नुसती मान इकडून तिकडे फिरवते. सांगायचे कष्ट घेत नाही.

ही शर्यत मला जिंकायची आहे. निदान कप तरी आणायचा आहे. बाबांनी त्याकडे एकदा बघावं आणि देवकीला मध्ये न घालता काहीतरी बोलावं. वाईट बोलले तरी चालेल.

९ जानेवारी, रविवार

पहाटे सराव. सहा फेऱ्या झाल्या. सायकल उत्तम आहे, फक्त डावं पायडल दर फेऱ्याला कुई करतं. तेल घातलं. तासाभराने पुन्हा कुई. भैयाजी म्हणाले, "मास्तरचा पोरगा आला हे दोन गल्ल्या आधी समजते."

एक अडचण लक्षात आली. आमच्या इथे कोणी वडीलधारं समोर दिसलं की सायकलवरून उतरायचं, नमस्कार करायचा, ते पुढे गेले की मग बसायचं. मला हे लहानपणापासून बाबांनीच शिकवलं. शाळेत ते वर्गाला सांगत की मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बसून त्याच्या समोरून जाणारा माणूस नसतो, ते माकड असतं. त्यामुळे घरापासून कचेरीपर्यंत मी रोज चार वेळा उतरतो: बाबांचे दोन मित्र, बडे बाबू आणि देवळातले काका. आज सरावात पाच वेळा उतरलो. वेळ फार जातो. पण पहाटेचे फिरायला येणारे म्हातारे शर्यतीच्या दिवशी कडेला उभे राहतील, रस्त्यात नसतील. कडेला उभ्या असलेल्याला चालत्या सायकलवरून मान लववून नमस्कार केला तर चालतो असं मी ठरवलं आहे. बाबांना विचारलेलं नाही.

१६ जानेवारी, रविवार

भैयाजींच्या दुकानात समितीची बैठक. विषय: रुपराव. हा तारखात्यात तारा वाटतो, म्हणजे दिवसभर सायकलच चालवतो. सायकल चालवायचा पगार घेणारा माणूस हौशी कसा, अशी हरकत एकाने घेतली. हरकत मीच घेतली. दोन तास चर्चा झाली. रुपराव म्हणाला, "मले पगार तारेचा भेटते गा, सायकलचा नाही. पायी नेली तरी तेवढाच भेटते." भैयाजींनी निकाल दिला की रविवारी अंगावर वर्दी नसेल तर तो हौशी. मला तो पटला नाही पण मी त्यावर सही केली.

नियमही ठरले, त्याखालीही मी सही केली. घंटी पाहिजे. बैलगाडीला रस्ता द्यावा. स्पर्धकाला बाहेरच्या माणसाने मदत करू नये. प्रेक्षकांनी संत्री खाऊन सालं रस्त्यावर टाकू नयेत, खिशात घालावीत. शेवटच्या नियमाला सगळे हसले.

२३ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते सरळ लिहितो.

सातव्या फेरीपर्यंत मी पहिला होतो. रुपराव माझ्या मागे, बाकीचे त्याच्या मागे. कोतवालीच्या वळणावर पोहोचलो तर समोर बाबा. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली, रस्ता ओलांडत होते. शर्यत आहे हे त्यांना माहीत नसावं, किंवा माहीत असून मेथी आणायची राहिली असेल.

मी उतरलो.

विचार केला आणि उतरलो असं नाही. पाय आपोआप खाली आले. सायकल बाजूला धरून उभा राहिलो, नमस्कार केला. बाबा थांबले. माझ्याकडे बघितलं. माझ्या बाजूने एक, दोन, तीन, चार, पाच सायकली गेल्या. बाबांनी त्या पाचही सायकली जाताना बघितल्या, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग ते गेले आणि मी बसलो.

सहावा आलो. सातव्याला कुत्रं आडवं गेलं म्हणून सहावा. अंतिम शर्यतीत जागा मिळाली ती कुत्र्यामुळे. रुपराव मला म्हणाला, "काहून उतरला बे? पंचर झाला काय?" मी म्हणालो, हो.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "देवकी, त्याले विचार, भर शर्यतीत रस्त्यात उभा राहून नमस्कार कोणाले करून राहिला होता?"

मी म्हणालो, "देवकी, सांग, त्याहीलेच."

बाबांनी मेथीची भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. ती त्यांना फार आवडते.

२६ जानेवारी

बाबांचं काहीतरी बिनसलं आहे. रोज सकाळी वाचनालयात जातात, ते बंद केलं. चालत कोतवालीकडे जातात आणि तासाभराने येतात. देवकीने विचारलं तर म्हणाले, "पाय मोकळे करून राहिलो." तीस वर्षं त्यांचे पाय मोकळे नव्हते हे आम्हाला आज कळलं.

२९ जानेवारी

छत्री दुरुस्त करायला दिली बाबांनी. ऐन थंडीत. कोणी विचारू नये असा चेहरा करून दिली, म्हणून विचारलं नाही.

रात्री त्यांनी देवकीला विचारलं, "त्याची ते शेवटची शर्यत कोणत्या तारखेले हाये वं?" तिने सांगितलं, तेराला, रविवारी सकाळी. बाबा म्हणाले, "बरं. त्या दिवशी मी रामटेकले जातो दर्शनाले. सकाळच्या गाडीनं."

म्हणजे त्यांना रस्त्यात यायचं नाही. मला मोकळं वाटलं. मग अर्ध्या तासाने वाईट वाटलं. दर्शन दुसऱ्या कोणत्याही रविवारी होऊ शकतं, राम कुठे जात नाही. पण हे देवकीमार्फत सांगण्यासारखं नव्हतं.

६ फेब्रुवारी, रविवार

सराव चांगला झाला. दहा फेऱ्या, एकदाही उतरलो नाही, कारण एकही म्हातारा दिसला नाही. रुपराव शेवटपर्यंत माझ्या बरोबरीने होता. त्याच्या पायात तारखातं आहे. माझ्या पायात काय आहे ते ठाऊक नाही, पण अजून संपलेलं नाही.

८ फेब्रुवारी

भैयाजी म्हणाले सायकल ठेवून जा, डावं पायडल बदलून देतो, त्या आवाजाने आमचंच डोकं फिरतं. घरी येऊन देवकीला म्हटलं, उद्या सायकल दुकानात ठेवणार. तर ती म्हणाली, "पायडल राहू द्या ना."

"काहून?"

"राहू द्या. सवयीचं आहे."

मी तिला समजावून सांगितलं की घर्षण म्हणजे काय, त्यात ताकद कशी वाया जाते. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आठ दिवसांवर शर्यत आली, नवं पायडल पायाले लागलं तं?" यात थोडं तथ्य आहे. पण ते आठ दिवस नाहीत, पाच आहेत. बायकांना यंत्रातलं कळत नाही तरी त्या ठाम असतात. वाद नको म्हणून पायडल राहू दिलं.

हेही लिहून ठेवतो की मी बोलत असताना बाबा बाहेर ओट्यावर बसून पेपर वाचत होते आणि पेपर उलटा होता.

१२ फेब्रुवारी, शनिवार

झोप येत नाही. देवकीने डिंकाचे लाडू केले आहेत. म्हणाली मामाजींनी (बाबांना ती मामाजी म्हणते) डिंक आणला, त्यांच्या कंबरेसाठी. पण ताटात सगळे मलाच वाढले. बाबांच्या कंबरेचं काय, विचारलं. म्हणाली, "आता बरी हाये त्यायची."

उद्या कप आणला तर तो कोनाड्यात ठेवायचा. बाबांची चष्म्याची डबी तिथे असते, म्हणजे त्यांना तो दिसणारच.

१३ फेब्रुवारी, रविवार

हात दुखतो आहे, अक्षर खराब येईल.

बाबा सकाळी सहालाच अंगावर शाल घेऊन, कानाला मफलर बांधून, रामटेकच्या गाडीला गेले. गाडीच्या आधी तासभर स्टेशनवर बसायची त्यांची पद्धत आहे.

आठ वाजता सुटलो. आम्ही सहा. गर्दी एवढी की दरवाज्याच्या वरच्या बाजूलाही पोरं बसलेली. सगळे संत्री खात होते. सालं कोणाच्याही खिशात जात नव्हती.

पहिल्याच फेरीत कोतवालीच्या वळणावर एक चमत्कारिक इसम दिसला. सगळी गर्दी रस्त्याकडे तोंड करून, आणि हा एकटा रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे बघत उभा. डोक्यावर छत्री उघडलेली. ऊन नाही, पाऊस तर नाहीच. छत्रीला नवं काळं ठिगळ. दुसऱ्या फेरीला तसाच. तिसऱ्या फेरीला तसाच. मला राग आला. शर्यत बघायची नाही तर पुढची जागा अडवून कशाला उभं राहायचं? मागच्या एखाद्या पोराला दिसलं तरी असतं.

पाचव्या फेरीपासून रुपराव आणि मी दोघेच पुढे. बाकीचे पन्नास पावलं मागे. सातवी, आठवी, नववी, कधी तो पुढे, कधी मी. पायडल कुईकुई करत होतं. वळणावर छत्री तशीच होती, पण नवव्या फेरीला मी पुढे असताना तिची दांडी जोरात हलली असं वाटलं. वारा नव्हता.

दहावी फेरी. कोतवालीच्या वळणाच्या आधी मी रुपरावच्या पुढे अर्धी सायकल होतो. मला दरवाजा दिसायला लागला होता, म्हणजे अजून दिसत नव्हता, पण मनात दिसत होता. आणि पुढचं चाक संत्र्याच्या सालावर गेलं.

मी पडलो. डाव्या अंगावर, कोपरावर, त्या छत्रीपासून पाच-सहा पावलांवर. रुपराव गेला. मग क्षणभर काहीच आवाज नाही. मग आणखी एक सायकल गेली.

तेव्हा छत्री वळली.

छत्रीखाली बाबा होते.

त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. वर्गात मूल बाकावरून पडलं की ते असे करत असतील, मला ठाऊक नाही. मी उठलो. सायकल खाली पडलेली. कोपरातून रक्त. आणि मी, हे मला लिहायला लाज वाटते, हात जोडून नमस्कार केला.

बाबांनी छत्री टाकून दिली.

"बस! अरे बस सायकलवर! नमस्कार काय करून राहिला, मूर्खा! ते पोट्टे येऊन राहिले मागून!"

देवकी तिथे नव्हती. ते माझ्याशी बोलले.

मी सायकल उचलून बसलो. पायडल फिरेना. बाबांनी मागून सीट धरलं आणि मला ढकललं. चौसष्ट वर्षांचा माणूस चपला वाजवत माझ्यामागे वीस पावलं धावला. लहानपणी मला सायकल शिकवली ती बाबांनी नाही, मामाने. त्यामुळे हे पहिल्यांदाच झालं. मग पायडल कुई झालं आणि ते मागे राहिले.

मी तिसरा आलो. तिसऱ्याला कप असतो.

पुढचं थोडक्यात. एकाने हरकत घेतली की स्पर्धकाला धक्का मिळाला. भैयाजींनी नियम वाचला: बाहेरच्या माणसाने मदत करू नये. माझं नाव खोडलं, चौथ्याला कप दिला. नियम माझ्याच सहीने झाला होता, त्यामुळे हरकत घेता येईना.

घरी आलो तर बाबा माझ्या आधी पोहोचलेले. देवकी हळद गरम करत होती. मी कोपरावर हळद लावून घेत बसलो. बाबा म्हणाले, "गाडी चुकली."

कोणाला म्हणाले ते कळलं नाही. देवकीकडेही बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "सहाव्या फेरीत तू मागं होता. सातव्यात तुझा आवाज पहिले आला. आठव्यात तो. नवव्यात तू. दहाव्यात आवाज आलाच नाही."

मी म्हणालो, "बाबा, तुम्ही सगळ्या फेऱ्या भिंतीकडे पाहून उभे होते?"

"तं का करू? तोंड केलं असतं तं उतरला असता तू."

देवकी हळदीची वाटी घेऊन आत गेली. मला रडू आलं. कोपराचं निमित्त होतं म्हणून बरं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

कप गेला ते मी बाबांना काल सांगितलं नव्हतं. आज त्यांना बाजारात समजलं. जेवण न करता ते बसले, दौत काढली आणि समितीला अर्ज लिहिला. मला फक्त वाचायला दिला, सल्ला मागितला नाही. इथे उतरवून घेतो.

'सेवेशी विनंती अर्ज ऐसा की, दिनांक १३ रोजीच्या शर्यतीत स्पर्धक शरच्चंद्र यास बाहेरच्या इसमाने धक्का दिला म्हणून कप नाकारण्यात आला. त्यावर खुलासा असा की, सदर इसम बाहेरचा नसून स्पर्धकाचा बाप आहे. बापास बाहेरचा माणूस समजण्याचा अधिकार समितीस कोणी दिला, हे कळावे.'

ही ओळ मी तीनदा वाचली. अक्षर तेच, कव्हरांवरचं.

१६ फेब्रुवारी

समितीचं उत्तर आलं. अर्ज विचारात घेतला, निकाल कायम. भैयाजींना वाईट वाटत असावं, कारण म्हणाले की कप नाही तर निदान डावं पायडल नवं बसवून देतो, फुकट. मी म्हणालो, नको. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की याला डोक्यालाही मार लागला वाटतं.

घरी सांगितलं, अर्ज नामंजूर. बाबा म्हणाले, "होऊ दे. कागद तं समितीच्या फाइलीत राहीन."

२१ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कचेरीला उशीर झाला होता. गल्लीच्या तोंडाशी बाबा उभे, पेपरवाल्याशी बोलत. मी दिसताच त्यांनी बोलणं थांबवलं, छत्री उघडली आणि पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. पेपरवाला त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला.

मी उतरलो नाही. पायडल वाजवत त्यांच्या मागून निघालो. वळणावर गेल्यावर मागे बघितलं. छत्री मिटलेली होती, आणि ते माझ्याकडे तोंड करून उभे होते.